स्टॉलचा इशारा बसवला, पण जुळवला का?

घरी बांधलेल्या विमानांतली एओए यंत्रं, अमेरिकेचा नवा नियम आणि लॉगबुकमधली एक रिकामी ओळ

अमेरिकेत ऑशकॉश इथे दरवर्षी जुलैमध्ये हौशी विमानवाल्यांची मोठी जत्रा भरते. २२ जुलै २०२५ ला तिथे अमेरिकी विमान प्रशासनाने, म्हणजे एफएएने, ‘मोझॅइक’ नावाचा नियम जाहीर केला. वैमानिकांसाठीचा भाग ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि विमानांच्या प्रमाणपत्राच्या भागासाठी २४ जुलै २०२६ ही तारीख ठरली. आपल्याकडे याची फारशी बातमी झाली नाही, आणि ते साहजिक आहे. पण त्यात एक बदल आहे जो सेन्सर, डेटा किंवा सॉफ्टवेअरशी संबंध असलेल्या कुणालाही विचार करायला लावेल.

आधी ‘लाइट स्पोर्ट’ विमान कुणाला म्हणायचं हे मुख्यतः वजनावर ठरायचं. कमाल १,३२० पौंड, म्हणजे साधारण ६०० किलो, आणि दोन आसनं. आता वजनाची ती अट गेली आणि तिच्या जागी मुख्य आकडा आला तो स्टॉल स्पीडचा. फ्लॅप न उघडता ५९ नॉट किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणारं विमान स्पोर्ट पायलटला उडवता येतं. या परवान्यासाठी किमान २० तासांचं उड्डाण लागतं, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी बहुतेकांना गाडीचं लायसन्स पुरतं. घरी किटमधून बांधलेली बरीच विमानं या मर्यादेत बसतात. म्हणजे कमी तासांचा अनुभव असलेले जास्त लोक आता अशा विमानांत बसणार.

नियमाला एक आकडा लागतो हे मान्य. कमी वेगाला स्टॉल होणारं विमान जमिनीवर आदळलं तरी कमी ऊर्जेने आदळतं, हा तर्कही बरोबर आहे. पण स्टॉल वेगामुळे होत नाही, कोनामुळे होतो. तो कोन मोजून वैमानिकाला वेळेवर सावध करणारी यंत्रं आज सहज मिळतात. दुकानातून आणलेलं यंत्र मात्र तुमच्या विमानाचा कोन ओळखत नाही. त्याला तो शिकवावा लागतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

हा गैरसमज आधी काढून टाकू. गाडी ‘स्टॉल’ होते तेव्हा इंजिन बंद पडतं. विमान स्टॉल होतं तेव्हा इंजिन मजेत चालू असू शकतं. बंद पडतं ते पंखाचं काम.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा वाऱ्यात तिरका धरायचा खेळ बहुतेकांनी केलाय, आणि त्यासाठी ओरडाही खाल्लाय. तळवा थोडा वर कलला की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी कलवला की आणखी उचलला जातो. पण फारच उभा धरला की वर उचलणारा जोर ओसरतो आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं तसंच. समोरून येणारी हवा आणि पंखाची रेषा यांच्यातल्या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. पुढे मी नुसतं एओए म्हणेन. छोट्या विमानांच्या पंखांत हा कोन साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत गेला की वरच्या पृष्ठभागावरची हवा पंखाला धरून वाहायची थांबते, आणि विमानाला उचलणारा जोर झपाट्याने घटतो. हाच स्टॉल.

एका ठरावीक पंखासाठी, फ्लॅपच्या एका ठरावीक स्थितीत, हा कोन जवळजवळ स्थिर असतो. वेग मात्र स्थिर नसतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान घ्या. उंची न गमावता ४५ अंश कलून वळवलं तर तेच विमान ५९-६० नॉटला स्टॉल होतं. ६० अंश कललं तर ७१ नॉटला. उलट वजन २० टक्के कमी असेल तर सरळ उड्डाणात ४५ नॉटच्या आसपास. वेगदर्शकावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, पण त्या सरळ उड्डाण आणि पूर्ण वजन धरून काढलेल्या असतात. तुम्ही आत्ता किती कललात आणि टाकीत किती पेट्रोल उरलंय हे त्या पट्टीला कुठून कळणार?

यात माणसं मरतात ती बहुतेक उतरताना. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी शेवटचं ९० अंशांचं वळण घ्यायचं असतं. मागून वारा असला की विमान रेषेच्या पुढे निघून जातं. वैमानिकाचे डोळे धावपट्टीवर असतात, तो वळण आवळतो, दांडा थोडा जास्त ओढतो. वेग ठीकच दिसतो, कोन मात्र वाढत गेलेला असतो. अशा वेळी स्टॉल झाला तर एक पंख आधी पडतो आणि सावरायला लागणारी उंची खाली उरलेली नसते. अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या प्राणघातक अपघातांत ‘उडताना ताबा सुटणं’ हे वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचं कारण राहिलं आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०१५ पासून काही वर्षं तो विषय आपल्या ‘सर्वांत निकडीच्या’ यादीत ठेवला होता.

घरी बांधलेल्या विमानांचाच प्रश्न वेगळा का?

एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले आकडे असे: अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं जवळपास १० टक्के, पण २०११ मधल्या एकूण अपघातांत साधारण १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. इंजिनाची ताकद जाणं आणि ताबा सुटणं ही दोन ठळक कारणं. आणखी एक गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली: त्या वर्षी अपघातात सापडलेल्या या प्रकारच्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं आत्ताच्या मालकाने बांधलेली नव्हती, सेकंडहँड घेतलेली होती.

कारखान्यातून प्रमाणपत्रासह निघालेल्या सेसनामध्ये स्टॉलचा इशारा मुळातच असतो. सेसना १७२ च्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं; कोन वाढला की तिथली हवा आत ओढली जाते आणि पिपाणीसारखा आवाज येतो. ना वीज, ना सॉफ्टवेअर. प्रमाणपत्राच्या जुन्या अमेरिकी नियमात हा इशारा स्टॉलच्या किमान ५ नॉट आधी सुरू व्हायला हवा असं लिहिलेलं होतं, आणि कंपनीचा चाचणी वैमानिक ते उडवून सिद्ध करायचा.

घरी बांधलेल्या विमानावर असं बंधन नाही. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल तर विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ गटात नोंदवता येतं, आणि आत कुठलं यंत्र बसवायचं हे बांधणारा ठरवतो. त्याचा एक मोठा फायदा झाला. प्रमाणपत्रवाल्या विमानांत एओए यंत्र बसवणं पूर्वी कागदपत्रांमुळे महाग पडायचं. एफएएने २०१४ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. घरी बांधणाऱ्यांना तेवढं थांबायची गरजच नव्हती. डायनॉन, गार्मिन यांच्या स्क्रीन त्यांनी आधीपासूनच बसवल्या होत्या आणि एओए त्यातच मिळत होतं. तंत्रज्ञानात हे लोक कारखान्यांच्या पुढे होते.

तोटा असा की कंपनीचा चाचणी वैमानिक इथे नाही. बांधणारा हाच अभियंता, हाच तपासनीस, आणि बऱ्याचदा हाच चाचणी वैमानिक.

यंत्र मोजतं काय?

कोन मोजायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली म्हणजे छोटं पातं. वाऱ्याच्या दिशेने ते वळतं, त्याचा कोन मोजायचा. मोठ्या प्रवासी विमानांच्या नाकाजवळ हे दिसतं. दुसरी दाबाची, आणि किट विमानांत आज हीच जास्त चालते. पंखाखाली पुढे आलेल्या नळीला, म्हणजे पिटो प्रोबला, दोन भोकं असतात. एक सरळ समोर, दुसरं खालच्या बाजूला तिरकं. विमानाचं नाक वर गेलं की खालच्या भोकावर हवा जास्त थेट येते आणि तिथला दाब वाढतो. दोन्ही दाबांचं गुणोत्तर काढलं की वेगाचा परिणाम बराचसा निघून जातो आणि कोनाशी जोडलेला एक आकडा हाती लागतो.

कागदावर छान आहे. आता प्रत्यक्षातले दाब बघू. ५० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २५.७ मीटर. समुद्रसपाटीच्या हवेत या वेगाचा दाब निघतो साधारण ४०५ पास्कल. हे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. चार सेंटीमीटर पाण्याच्या थराखाली जेवढा दाब असतो तेवढा. सेन्सरचा शून्य जर ४० पास्कलने सरकलेला असेल, तर ५० नॉटला ती १० टक्के चूक झाली. १०० नॉटला दाब चौपट, १,६२० पास्कल, म्हणून तीच चूक अडीच टक्के. म्हणजे आरामात उडत असताना यंत्र अगदी शहाण्यासारखं वागणार, आणि हळू उडताना, जिथे त्याची खरी गरज आहे तिथे, सगळ्यात जास्त चुकणार. सैल बसलेली प्लॅस्टिकची नळी, नळीत साचलेला पाण्याचा थेंब, प्रोबच्या तोंडाशी गांधीलमाशीने केलेलं मातीचं घर, यातलं काहीही तेवढी चूक करायला पुरेसं आहे.

आणि समजा सेन्सर अगदी अचूक आहे. तरी त्याने दिलेला आकडा प्रोबजवळच्या हवेचा असतो, पंखाच्या स्टॉलचा नव्हे. या दोन्हींचं नातं प्रोब कुठे बसवलाय, किती तिरका बसलाय, फ्लॅप किती उघडलेत यावर ठरतं. एकाच किटमधून दोघांनी बांधलेली विमानंसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. पंखाच्या पुढच्या कडेला लावलेली लांबी, पंखाचा पीळ, फ्लॅपची जुळणी, सगळ्यात थोडाथोडा फरक पडतो. म्हणून मित्राच्या विमानातले आकडे कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

चुकीचा कोन काय करू शकतो

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण छोट्या विमानाचं नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स जकार्ताहून निघून समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. एमकॅस या सॉफ्टवेअरबद्दल आपण सगळ्यांनी वाचलंय. इंडोनेशियाच्या तपास अहवालातला एक तपशील मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिला. डाव्या बाजूचा एओए सेन्सर आदल्याच दिवशी बदललेला होता, आणि तो दुरुस्तीच्या ठिकाणीच २१ अंश चुकीचा जुळवला गेला होता. बसवल्यानंतरची चाचणी नीट झाल्याची खात्री तपासात पटली नाही. म्हणजे सेन्सर मोडलेला नव्हता. तो इमानेइतबारे चुकीचा कोन सांगत होता. एमकॅसने एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून नाक पुन्हा पुन्हा खाली ढकललं. पाच महिन्यांनी इथिओपियात दुसरं मॅक्स पडलं. दोन्ही मिळून ३४६ जीव.

दुसरं उदाहरण १ जून २००९ चं, एअर फ्रान्स ४४७. अटलांटिकवर स्टॉल झालेल्या त्या एअरबसमध्ये मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की सॉफ्टवेअर कोनाचा आकडा अवैध ठरवायचं आणि इशारा बंद व्हायचा. नाक जरा खाली आलं, वेग वाढला, की आकडा पुन्हा वैध आणि इशारा पुन्हा सुरू. म्हणजे योग्य कृती केली की भोंगा वाजणार आणि चुकीची केली की गप्प होणार. कोड लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ती अट वाजवी वाटते. इतक्या कमी वेगाला आकड्यावर विश्वास ठेवूच नये. पण ‘आकडा माहीत नाही’ आणि ‘धोका नाही’ हे दोन्ही वैमानिकाला एकाच शांततेतून ऐकू आले. त्या विमानातले सगळे २२८ जण गेले.

घरी बांधलेल्या विमानातलं एओए यंत्र बहुतेक वेळा फक्त इशारा देतं, दांडा स्वतः ढकलत नाही. पण ऑटोपायलटला जोडलेल्या, नाक हलकेच खाली ढकलणाऱ्या सोयी आता छोट्या विमानांतही येऊ लागल्या आहेत. त्यामुळे हे दोन्ही धडे इथे लागू आहेत: बदललेला सेन्सर पुन्हा तपासल्याशिवाय खरा मानायचा नाही, आणि यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरायचं नाही.

जुळवणी: आधी जमिनीवर

प्रोब निर्मात्याने सांगितलेल्या जागी आणि तिरकेपणाने बसवायचा, पंख्याच्या झोतापासून दूर. त्याचा कोन मोजून लिहून ठेवायचा. उद्या कुणाचा धक्का लागून तो वाकला तर तुलना कशाशी करणार? दोन नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना खुणा. गळती तपासायला साध्या इंजेक्शनच्या सिरिंजने अगदी हळू दाब द्यायचा, नळी चिमटायची आणि स्क्रीनवरचा आकडा टिकतो का ते बघायचं. तोंडाने फुंकायचं नाही. हे सेन्सर नाजूक असतात, फुंकरीचा दाब त्यांच्या मोजण्याच्या पट्टीबाहेर जाऊ शकतो. सेन्सरचा शून्य वारा नसताना, हँगरच्या आत घ्यायचा.

फ्लॅपच्या स्थितीचा सेन्सर असेल तर तोही जोडायचा. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप उघडले की पंखाची उचल वाढते, पण स्टॉलचा कोन साधारणपणे कमी होतो. फ्लॅप बंद ठेवून जुळवलेलं यंत्र फ्लॅप उघडल्यावर उशिरा बोलतं. आणि फ्लॅप उघडतात उतरताना, म्हणजे नेमकं धोक्याच्या वेळी.

मग हवेत

नव्या विमानाला पहिले २५ ते ४० तास, किंवा आता ठरवून दिलेल्या चाचण्यांची यादी पूर्ण होईपर्यंत, ‘फेज वन’मध्ये काढावे लागतात. ठरलेल्या भागातच उडायचं, हौसेचे प्रवासी नाहीत. एओएची जुळवणी करायची ती इथे. भरपूर उंची, आजूबाजूला विमान नाही याची खात्री, आणि त्या प्रकारच्या विमानाचे स्टॉल केलेला अनुभवी माणूस. हे लिहिणारी मी सॉफ्टवेअरवाली आहे; माझं वाचून कुणी एकट्याने स्टॉल करायला जाऊ नये.

वेग सेकंदाला सुमारे एक नॉट अशा संथ गतीने कमी करायचा. झटका दिला तर दाब नळीतून सेन्सरपर्यंत पोचेपर्यंत कोन पुढे निघून गेलेला असतो. विमान घसरत नाही हे दाखवणारी गोळी मधोमध. स्टॉलच्या क्षणाची नोंद. हेच फ्लॅपच्या प्रत्येक स्थितीत, प्रत्येकी किमान तीनदा. तीन आकडे एकमेकांजवळ आले नाहीत तर सरासरी काढून पुढे जायचं नाही, कारण शोधायचं.

इथे बरेच जण थांबतात. पण आतापर्यंत आपण यंत्राला शिकवलं. त्याची परीक्षा घेतलेलीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्यावरच ते बरोबर येतंय, यात काय नवल? परीक्षा वेगळ्या डेटावर हवी. म्हणून ३० आणि ४५ अंश कलून वळताना, पुरेशा उंचीवर, इशारा कधी येतो ते बघायचं. वेगदर्शक सरळ उड्डाणापेक्षा जास्त आकडा दाखवत असेल, पण इशारा स्टॉलच्या तेवढ्याच आधी आला पाहिजे. मग कमी वजनात, मग इंजिनाला ताकद देऊन. इशारा वेगाच्या मागे धावतोय की कोनाच्या, हे याच चाचणीतून कळतं. वेगाच्या मागे धावत असेल तर तुम्ही पैसे घालून दुसरा वेगदर्शकच विकत घेतलात.

किती आधी ओरडायचं?

इशारा लवकर आला तर सुरक्षितच ना? नाही. आमच्या टीममध्ये सर्व्हरचा एक अलार्म होता, दिवसातून आठ-दहा वेळा वाजणारा. महिनाभरात सगळ्यांनी त्याचा आवाज बंद केला. दर वेळी उतरताना, चाकं टेकायच्या आधी, भोंगा वाजत राहिला तर वैमानिकाचा मेंदू तेच करतो. मग एक दिवस तोच आवाज ५०० फुटांवर वळताना येतो आणि तो ऐकूच जात नाही.

यावर सगळ्यात चांगला विचार मला ‘ऑनस्पीड’ या ओपन सोर्स प्रकल्पात दिसला. त्याची प्रेरणा एफ-४ फँटम या जुन्या लढाऊ विमानातल्या कोनाच्या आवाजाची. एकच भोंगा नाही, आवाजांची भाषा आहे. कोन वाढू लागला की खालच्या पट्टीतले तुटक ठोके, जवळजवळ येत जाणारे. उतरायला योग्य कोन आला की अखंड सूर. त्याहून वाढला की वरच्या पट्टीतले तुटक ठोके, आणि स्टॉलच्या तोंडाशी जलद कर्कश खडखडाट. उतरायचा रूढ वेग स्टॉल स्पीडच्या १.३ पट धरतात. त्या वेळी पंख आपल्या कमाल उचल-क्षमतेच्या साधारण ५९ टक्के वापरत असतो. अखंड सूर या आसपास बसवलेला असतो.

यात दोन गोष्टी साधतात. डोळे बाहेर, धावपट्टीवर राहतात, कारण माहिती कानातून येते. आणि आवाज रोजच्या प्रत्येक उतरण्यात उपयोगी पडत असल्याने तो बंद करावासा वाटत नाही. यंत्र बिघडलं तरी लगेच समजतं. जो सूर दर वेळी ऐकू येतो तो आज आला नाही. एअर फ्रान्सच्या शांततेवर हे चांगलं उत्तर आहे. फक्त ही तार इंटरकॉममध्ये अशा जागी जोडायची की रेडिओचा आवाज कमी केला तरी इशारा दबणार नाही.

‘हे सगळं कशाला, नीट उडवायला शिका ना’

जुन्या वैमानिकांचा हा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. विमान दांड्यातून, थरथरीतून बोलत असतं. आणखी एक पट्टी वाढवून माणूस आणखी आत बघत बसेल, ही भीती खरी आहे. शिकवलं नाही तर यंत्र शोभेचं राहतं. पण घरी बांधलेली काही चपळ विमानं स्टॉलच्या आधी फारशी थरथरत नाहीत, आणि सेकंडहँड विमान घेतलेला माणूस त्या विमानाची भाषा अजून शिकलेला नसतो. नव्या नियमातून येणाऱ्या माणसाच्या गाठीशी तर मुळातच तास कमी. प्रशिक्षण की यंत्र, हा वाद मला फसवा वाटतो. जुळवणीची उड्डाणं हेच तर प्रशिक्षण आहे. आपल्या विमानाचा स्टॉल तिन्ही फ्लॅपमध्ये तीन-तीनदा आणि वळताना अनुभवलेला माणूस, यंत्र बंद पडलं तरी, काल होता त्यापेक्षा शहाणा झालेला असतो.

एक ओळ वाढवा

आपल्याकडे घरी विमान बांधायचं म्हटलं की कांदिवली-चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, आणि उडवायच्या परवानगीसाठी २०१९ उजाडलं. आपल्याकडची लढाई कागद मिळवण्याची होती. अमेरिकेत कागद त्या मानाने लवकर मिळतो, आणि नंतरची जबाबदारी जवळजवळ सगळी बांधणाऱ्यावर येते. उद्या आपल्याकडेही हौशी विमानांसाठी सुटसुटीत नियम आले, आणि यावेत, तर दोन्हीकडचं बघूनच ते लिहायला हवेत.

तिथल्या व्यवस्थेत एक छोटी दुरुस्ती मला सुचवावीशी वाटते. फेज वन संपताना लॉगबुकमध्ये ठरलेल्या मजकुराची नोंद करावी लागते: उतरायच्या स्थितीतला स्टॉल स्पीड, सर्वोत्तम चढाईचे दोन वेग, आणि ते कोणत्या वजनाला आणि कोणत्या गुरुत्वमध्याला मिळाले. म्हणजे नोंद वेगांची आहे. कोनाच्या इशाऱ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. मोझॅइकने स्टॉलला कायद्याच्या मध्यभागी आणून बसवलंच आहे, तर एवढी एक ओळ वाढवायला हरकत नसावी: एओए यंत्र असेल तर ते कोणत्या तारखेला, फ्लॅपच्या कोणत्या स्थितींत जुळवलं, आणि वळताना तपासलं का. यंत्राची सक्ती करायची गरज नाही. असेल तर त्याचा पुरावा ठेवा, एवढंच.

या ओळीचा सगळ्यात जास्त फायदा सेकंडहँड घेणाऱ्याला होईल. आज तो स्क्रीनवर रंगीत पट्टी बघतो आणि धरून चालतो की ती खरी आहे. मधे स्क्रीन बदलली का, प्रोब बदलला का, फ्लॅपची जुळणी हलली का, त्यानंतर पुन्हा कुणी जुळवलं का, हे त्याला कुठेच लिहिलेलं सापडत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी परदेशात असं विमान घेत असेल तर पेट्रोल किती पितं, तास किती झालेत या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारायला सांगा. विकणाऱ्याने तारीख सांगितली तर उत्तम. ‘अहो, चालतंय की व्यवस्थित’ असं उत्तर आलं, तर ते यंत्र अजून कुणीच जुळवलेलं नाही असं समजून पहिली दोन-चार उड्डाणं त्यासाठीच राखून ठेवायची.